कुमसीचा संशय आणि कल्याणचा विवाह



गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम मनात संकोच उत्पन्न झाला. ज्यांच्यापुढे बाकावर बसून मी अक्षरे गिरविली, त्यांच्या नावाने चाललेल्या व्यासपीठावर उभे राहून काय सांगावे? पुढे असे वाटले की, गुरुजी वर्गात आम्हांला जो एक प्रश्न वारंवार विचारीत, त्याच प्रश्नाचा मागोवा घ्यावा. 'हे तुला कोणी सांगितले? आणि त्याला कोणी सांगितले?' हा तो प्रश्न होय. इतिहासाच्या तासाला तो विचारला की आम्ही मुले हसत असू. हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला किती किंमत मोजावी लागते, हे कळायला पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली. स्वतंत्र बुद्धीने विचार करणाऱ्या आणि सत्याचा शोध घेणाऱ्या माणसांना समाज का दूर लोटतो, हा आजच्या निबंधाचा विषय आहे.

भीमा-अमरजेच्या संगमावर बसून हा विषय मांडायचा, तर आरंभ येथल्याच एका कथेने केला पाहिजे. गुरुचरित्रातील त्रिविक्रम भारतींची कथा येथील लहान मुलालाही तोंडपाठ आहे. श्रीनृसिंहसरस्वती गाणगापुरास येऊन राहिले. गावचा अधिपती त्यांचा भक्त झाला. पालखी, वाद्ये, सैन्य अशा थाटाने त्यांची स्वारी निघू लागली. जवळच्या कुमसी गावी त्रिविक्रम भारती नावाचे विद्वान व तपस्वी यती राहत असत. ते म्हणू लागले, हा कसला संन्यासी? संन्याशाला पालखी कशाला? हा तर दांभिक. पुढे श्रीगुरू स्वतः कुमसीस गेले, त्रिविक्रमांना सारे सैन्य दंडधारी यतींच्या रूपात दिसले, आणि ते शरण आले, असे ग्रंथकार सांगतो.

ही कथा आपण ऐकतो ती तिच्या शेवटासाठी. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र तिच्या आरंभापाशी थोडे थांबावे, असे मला वाटते. या कथेत नाकारणारा मनुष्य अडाणी नाही, दुष्टही नाही. तो त्याच मार्गातला, त्याच वस्त्रातला, शेजारच्या गावचा सज्जन आहे. त्याची शंकाही अयोग्य म्हणता येणार नाही. पालखीत बसलेल्या संन्याशाविषयी संशय येणे हे निकोप बुद्धीचेच लक्षण आहे, आणि आजच्या काळात तर त्या संशयाची गरज वाढलेलीच आहे. त्रिविक्रमांना साक्षात्कार घडला, म्हणून संशयाचे निरसन झाले. पण ज्यांच्या बाजूने कोणताही चमत्कार उभा राहिला नाही, ज्यांच्यापाशी केवळ आपला शब्द आणि आपले वर्तन एवढेच होते, त्यांचे काय झाले? त्यासाठी आपल्याला येथून ईशान्येस, बीदर जिल्ह्यातील कल्याण नगरीकडे जावे लागते.

कल्याण म्हटले की आज आपल्याला बसवण्णा आठवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु बसवण्णांच्या आधीचे कल्याण कसे होते, हे पाहिल्याशिवाय पुढील प्रकरणाचा उलगडा होत नाही. अकराव्या शतकात चालुक्य राजा पहिला सोमेश्वर याने ही राजधानी वैभवाला आणली. त्याचा पुत्र सहावा विक्रमादित्य याने 1076 पासून 1126 पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे, येथून राज्य केले. काश्मीरचा कवी बिल्हण त्याच्या दरबारी होता. आणि याच नगरीत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. आपल्यापैकी ज्यांनी वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीसाठी कोर्टाची पायरी चढली असेल, त्यांच्या कानांवर मिताक्षरेचे नाव पडलेच असेल. बंगाल व आसाम सोडल्यास बहुतेक हिंदुस्थानात वारसाहक्काचे निवाडे शतकानुशतके या ग्रंथाच्या आधारे झाले. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतरही त्याचा काही अंश टिकून राहिला. कोणाचा कोणाशी विवाह व्हावा, कोणाच्या पोटी जन्मलेल्याला किती वाटा मिळावा, कोणत्या दोषाला कोणते प्रायश्चित्त, हे सारे ज्या गावात बारकाईने लिहून ठेवले गेले, त्याच गावात तीन-चार दशकांच्या आत शरणांची चळवळ उभी राहिली. हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. जेथे समाजाचे नियम अस्पष्ट असतात, तेथे वेगळे वागणारा मनुष्य खपून जातो. जेथे ते लेखी होतात, तेथे त्याचे वेगळेपण हा अपराध ठरतो.

बसवण्णांचा जन्म विजापूर भागातील बागेवाडीचा. मुंजीचे संस्कार नाकारून ते कृष्णा-मलप्रभेच्या संगमावर कूडलसंगमास गेले. तेथून मंगळवेढ्यास आले. मंगळवेढा तेव्हा कलचुरी घराण्यातील बिज्जल या चालुक्यांच्या महामंडलेश्वराचे ठाणे होते. दामाजीपंतांच्या कितीतरी आधी मंगळवेढ्याने आणखी एका कारकुनाला पाहिले होते, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. हिशेबनिसापासून चढत चढत बसवण्णा बिज्जलाच्या कोषागाराचे अधिकारी झाले. बिज्जलाने आपले धनी चालुक्य यांना बाजूस सारून कल्याण बळकावले आणि 1162 च्या सुमारास सम्राटाची बिरुदे धारण केली. त्याच्याबरोबर बसवण्णाही कल्याणला आले.

तेथे जे घडले त्याची सविस्तर हकीकत सांगण्यास हा वेळ पुरणार नाही. काही नावे मात्र उच्चारली पाहिजेत, कारण त्या नावांना जोडलेले व्यवसाय हेच त्या चळवळीचे मर्म आहे. मडिवाळ माचय्या हा परीट. अंबिगर चौडय्या नावाडी. नुलिय चंदय्या दोर वळणारा. मोळिगे मारय्या लाकडाच्या मोळ्या विकणारा. आयदक्की मारय्या व त्याची पत्नी लक्कम्मा सांडलेले तांदूळ वेचून आणणारी. हरळय्या चर्मकार. सोन्नलिगे म्हणजे आजच्या सोलापूरचा सिद्धराम तलाव खोदणारा आणि देवालये बांधणारा. ही मंडळी एकत्र बसून ईश्वराविषयी बोलत, व जे बोलत ते साध्या कन्नड गद्यात, ज्याला आपण वचन म्हणतो. सभेच्या अग्रस्थानी अल्लमप्रभू. अनुभवमंटप ही इमारत होती की केवळ एक सभा होती, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. त्या वादात मी शिरत नाही. परटाच्या, नावाड्याच्या, तांदूळ वेचणाऱ्या बाईच्या नावाची वचने आज आपल्यापुढे आहेत, एवढा पुरावा मला पुरेसा वाटतो.

या सभेत सर्वांना सहज प्रवेश होता असेही समजू नये. अक्कमहादेवी वस्त्रांचा व संसाराचा त्याग करून, केवळ केसांनी अंग झाकून कल्याणला आली, तेव्हा अल्लमप्रभूंनी तिला भर सभेत कठोर प्रश्न विचारले. देहाचा मोह सुटला असेल तर केसांचे आवरण तरी कशाला, येथपर्यंत ती उलटतपासणी गेली. पंधराव्या शतकात संकलित झालेल्या 'शून्यसंपादने'त हा संवाद आला आहे. स्वतंत्र वृत्तीच्या स्त्रीला बंडखोरांच्या सभेतसुद्धा परीक्षा द्यावी लागली. पण ती परीक्षा होती. तिने उत्तरे दिली, ती ऐकून घेतली गेली, आणि उत्तरांनंतर सभेने तिला आपली मानली. प्रश्न विचारणे आणि दार लावून घेणे यांतला फरक या एका प्रसंगात जितका स्पष्ट दिसतो, तितका क्वचितच अन्यत्र दिसतो.

आता या सभेला विरोध कसा सुरू झाला ते पाहा. बसवपुराणातील हकीकतीनुसार बिज्जलाचे कान भरणाऱ्यांनी पहिली तक्रार केली ती तत्त्वज्ञानाची नव्हे. तक्रार हिशेबाची होती. कोषाधिकारी राजाचे धन जंगमांवर उधळतो, असा आरोप झाला. खजिन्याची मोजदाद झाली आणि रक्कम पूर्ण भरली. मला या तपशिलाचे फार कौतुक वाटते. ज्याच्या विचारांना उत्तर देता येत नाही, त्याच्या हिशेबाची वही मागायची, ही रीत आपण समजतो तितकी नवी नाही. सार्वजनिक संस्थांत काम केलेल्या श्रोत्यांना अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

हिशेब जुळल्यावरही काही काळ सारे चालले. शरण बोलत होते, वचने रचत होते, एका पंक्तीला बसून जेवत होते. नंतर तो विवाह झाला. ब्राह्मण कुळातून शरण झालेल्या मधुवरसाची कन्या आणि चर्मकार कुळातून शरण झालेल्या हरळय्याचा पुत्र यांचा. बिज्जलाने दोन्ही पित्यांचे डोळे काढविले आणि त्यांना हत्तीच्या पायाला बांधून नगरातून फरफटत नेले, असे परंपरा सांगते. नगरात दंगल उसळली. बिज्जलाचा वध झाला. बसवण्णा कूडलसंगमास परतले व तेथेच त्यांचा अंत झाला. 1167-68 च्या आसपासची ही गोष्ट. चेन्नबसवण्णा व इतर शरण उळवीच्या अरण्याकडे गेले. कल्याण ओस पडले.

येथे गुरुजींचा प्रश्न विचारला पाहिजे: हे कोणी सांगितले? या सर्व हकीकती मागाहूनच्या पुराणांतून आल्या आहेत. पाल्कुरिकी सोमनाथाचे तेलुगू बसवपुराण तेराव्या शतकातले; भीमकवीचे कन्नड बसवपुराण 1369 चे. विवाहाचा तपशील तर आणखी नंतरच्या ग्रंथांतून विस्तारत गेला. बिज्जलाचा वध झाला की त्याने मुलगा सोविदेव याच्याकडे राज्य सोपविले, याविषयी शिलालेख आणि पुराणे यांचा मेळ बसत नाही. बसवण्णांचा सविस्तर उल्लेख करणारा अर्जुनवाडचा शिलालेख 1260 चा, म्हणजे घटनेनंतर सुमारे नव्वद वर्षांनी कोरलेला आहे. हे सारे मान्य करूनही एक गोष्ट उरते. कल्याणचा विध्वंस कशाने झाला, याचे उत्तर लोकस्मृतीने एका विवाहात शोधले. लोकांना ठाऊक होते की बोलण्याने एवढे होत नाही.

माझ्या विषयाचा गाभा मला येथे दिसतो. समाज स्वतंत्र विचारांना घाबरतो, असे आपण सहज म्हणतो. परंतु पाहू गेल्यास आपला समाज विचारांच्या बाबतीत कमालीचा उदार आहे. ईश्वर आहे म्हणा, नाही म्हणा, जग सत्य म्हणा, मिथ्या म्हणा. आपल्या दर्शनांत सर्वांना जागा आहे. सर्वांभूती एकच आत्मा आहे, हे वाक्य तर कीर्तनात, प्रवचनात, शाळेच्या भिंतीवर सर्वत्र आहे आणि त्याने कोणाचेही काही बिघडलेले नाही. ते वाक्य खरे मानून कोणी मुलीचे लग्न लावून दिले की मात्र हत्ती बाहेर निघतो.

या संदर्भात गुरुचरित्रातीलच दुसरी एक कथा मला नेहमी आठवते. वेदविद्येच्या गर्वाने फुगलेल्या दोन ब्राह्मणांना घेऊन तेच त्रिविक्रम भारती गाणगापुरास येतात. श्रीगुरू रस्त्याने जाणाऱ्या एका पतिताला बोलावितात, भूमीवर सात रेषा काढवितात, आणि तो एकेक रेषा ओलांडतो तसतसे त्याला पूर्वजन्मांचे ज्ञान होत जाते. सातव्या रेषेपलीकडे तो वेद म्हणू लागतो. गर्विष्ठांचा गर्व उतरतो. पण कथा तेथे संपत नाही. तो मनुष्य आता घरी परत जाण्यास तयार नाही. मी ब्राह्मण आहे, म्हणतो. तेव्हा एका लोभी ब्राह्मणाकडून त्याच्या अंगावर पाणी घालविले जाते, अंगावरचे भस्म धुऊन जाते आणि तो पूर्वस्थितीला येऊन बायकामुलांकडे परततो. भाविकांच्या दृष्टीने या कथेचा अर्थ कर्मविपाकाचा आहे व तो मी नाकारीत नाही. सोळाव्या शतकातील ग्रंथकाराला ज्या समाजात राहून लिहायचे होते, त्या समाजाची मर्यादाही त्या पाण्यात दिसते, एवढेच मी म्हणतो. रेषा ओलांडता येते, हे त्याने लिहिले. ओलांडलेल्याला पलीकडे राहू द्यावे, हे त्याला लिहिता आले नाही. त्याच्याही चारशे वर्षे आधी कल्याणच्या शरणांनी ते पाणी घालण्याचे नाकारले होते. त्यांचा सारा अपराध तेवढाच.

तथापि केवळ समाजाला दोष देऊन भागत नाही. शिक्षा समाजाने फर्माविली नव्हती, राजाने फर्माविली. आणि हा राजा कोण? ज्याने स्वतःच धन्याचे सिंहासन बळकावले होते तो. बिज्जलाला आपल्या गादीसाठी मान्यता हवी होती, आणि ती मान्यता देणारे म्हणजे जुन्या व्यवस्थेचे रक्षक. ज्याची सत्ता वंशपरंपरेने घट्ट आहे, त्याला एखादा बसवण्णा पोसणे परवडते. विक्रमादित्याच्या अमदानीत हे घडले असते तर काय झाले असते, हा प्रश्न इतिहासात विचारू नये म्हणतात. मी तो विचारून सोडून देतो.

परंतु याला जोड मिळते ती शंभर वर्षांनंतरच्या देवगिरीत. गुजरातेतून आलेले श्रीचक्रधर गोदातीरी मराठीत धर्म सांगत हिंडत होते. स्त्रियांना त्यांनी संन्यासाचा अधिकार दिला. विटाळाविषयी विचारले असता, देहाला जशी इतर द्वारे व त्यांचे स्राव तसाच हाही एक, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याचे लीळाचरित्रावरून कळते. आद्य मराठी कवयित्री महदंबा त्यांची शिष्या. आता देवगिरीची स्थिती पाहा. 1271 मध्ये रामचंद्र यादवाने आपला चुलतभाऊ आमण याला पदच्युत करून गादी घेतली. त्याचा श्रीकरणाधिप हेमाद्री. त्याचा 'चतुर्वर्गचिंतामणि' म्हणजे व्रते, दाने, श्राद्धे यांचा महासागर. नव्याने बळकावलेली गादी, लेखी झालेले नियम, आणि त्या नियमांना वळसा घालून बायकामाणसांत मराठी बोलणारा एक महात्मा. कल्याणचीच सामग्री पुन्हा जुळून आली. महानुभाव परंपरेनुसार पैठणला सभा भरली, चक्रधरांवर आरोप झाले, त्यांना देहदंड देण्यात आला. रामचंद्राच्या राज्यारोहणानंतर थोड्याच वर्षांत हे घडले. तो आरोपही सिद्धान्ताचा नव्हता. स्त्रिया त्यांच्या मागे जातात, हा होता.

सत्तेच्या या भयाची साक्ष दूरदेशीही मिळते. अथेन्सने सॉक्रेटिसाला सत्तर वर्षांचा होईपर्यंत चौकात बोलू दिले. त्याला विष दिले ते ख्रिस्तपूर्व 399 मध्ये, युद्धातील पराभव व तीस जुलमी सत्ताधीशांची राजवट यांतून लोकशाही नुकतीच सावरत असताना. घाबरलेले राज्य प्रश्नाला शत्रू समजते, मग ते राजाचे असो वा लोकांचे.

महानुभावांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली, ती मला देहदंडापेक्षाही विचार करण्याजोगी वाटते. पुढे या पंथाने आपले ग्रंथ 'सकळ' आदी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. मराठीतील आद्य गद्यग्रंथ शतकानुशतके मराठी माणसाला वाचता आले नाहीत. आणि बाहेर, आपल्या रोजच्या भाषेत, एक शब्द रूढ झाला: मानभावी. वरून गोड, आतून कपटी, असा त्याचा अर्थ. 'महानुभाव' या शब्दाचे 'मानभाव' झाले आणि त्यातून हे विशेषण निघाले. आपण प्रत्येकाने तो शब्द कधी ना कधी वापरला आहे, कोणताही राग मनात न ठेवता, सहजपणे. शिक्षा देणारा राजा गेला, सभा गेली, हेमाद्री गेला. शब्द राहिला.

जवळच्या काळातले एकच उदाहरण घेतो. 1882 मध्ये कोल्हापूरच्या दिवाणाविरुद्ध लिहिल्याबद्दल टिळक व आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. सुटून आले तेव्हा त्यांचे उत्साहाने स्वागत झाले. पुढे 1888 मध्ये आगरकरांनी 'सुधारक' काढले. बालविवाह, विधवांचे केशवपन, घरातील रूढी यांवर लिहू लागले. त्याच पुण्यात लोकांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. मनुष्य तोच, लेखणी तीच, निर्भयताही तीच. पहिल्या वेळी त्यांनी दुसऱ्याच्या वाड्याकडे बोट दाखविले होते. दुसऱ्या वेळी वाचकाच्या माजघराकडे. 1849 मध्ये जोतीराव व सावित्रीबाई यांना स्वतःच्या वडिलांचे घर सोडावे लागले, तेही माजघराचेच प्रकरण. आगरकर 1895 मध्ये, वयाच्या अवघ्या 38 व्या वर्षी गेले.

येथे तरुण श्रोत्यांसाठी एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. समाजाने नाकारलेला प्रत्येक मनुष्य सत्यशोधक असतो, असे नव्हे. भोंदूही नाकारले जातात आणि नाकारले गेलेच पाहिजेत. आपल्याला विरोध झाला म्हणजे आपण बसवण्णा झालो, असे समजणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. खऱ्याची खूण, मला वाटते, अनुभवमंटपातील त्या प्रसंगात आहे. अक्कमहादेवीने प्रश्न विचारणाऱ्यावर राग धरला नाही, आणि उत्तर टाळलेही नाही.

नाकारण्याची एक रीत मी अजून सांगितलेली नाही. ती पूजा होय. ज्याला जिवंतपणी पंक्तीत घेतले नाही, त्याला मरणानंतर देव्हाऱ्यात बसवावे. म्हणजे त्याला हारही घालता येतो आणि त्याचे ऐकावेही लागत नाही. बसवकल्याणला आज बसवण्णांची 108 फूट उंचीची मूर्ती उभी आहे. 2021 मध्ये तेथे नव्या अनुभवमंटपाची पायाभरणी झाली. 2024 मध्ये कर्नाटक शासनाने बसवण्णांना राज्याचे सांस्कृतिक नायक म्हणून घोषित केले. या सर्वांचा मला आनंदच आहे. पण शेजारच्या सिंदगी तालुक्यातील एका विद्वानाची गोष्ट त्याच्या शेजारी ठेवून पाहिली पाहिजे.

डॉ. एम. एम. कलबुर्गी यांनी उभे आयुष्य वचनसाहित्य व शिलालेख यांच्या अभ्यासात घालविले. वचनांच्या समग्र खंडांचे ते प्रधान संपादक. 'मार्ग' या त्यांच्या लेखसंग्रहातील बसवण्णांच्या कुटुंबीयांविषयीच्या काही संशोधनपर निष्कर्षांवरून गदारोळ उठला, आणि 1989 मध्ये त्यांना धर्मपीठापुढे ते निष्कर्ष मागे घ्यावे लागले. कुटुंबाचा जीव वाचविण्यासाठी आपण हे केले, परंतु तो आपला बौद्धिक आत्मघात होता, असे ते पुढे म्हणाले. ज्या बसवण्णांनी परंपरेला प्रश्न विचारले, त्यांच्याविषयी प्रश्न विचारल्याबद्दल, त्यांच्याच भक्तांकडून हे घडले. 'मार्ग'च्या चौथ्या खंडाला 2006 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 30 ऑगस्ट 2015 रोजी सकाळी धारवाडला, राहत्या घराच्या दारात, त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत कोल्हापूरला कॉ. गोविंद पानसरे, त्याआधी 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर, आणि नंतर 5 सप्टेंबर 2017 रोजी बंगळूरला गौरी लंकेश यांची अशीच हत्या झाली. चौघांपैकी कोणाच्याही हाती लेखणीखेरीज दुसरे शस्त्र नव्हते.

आता गुरुजींविषयी दोन शब्द. त्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग या शाळेतील फार थोड्यांना ठाऊक असेल. या शाळेत येण्यापूर्वी ते दुसऱ्या एका गावी शिक्षक होते. तेव्हा हैदराबाद संस्थान विलीन होऊन फारसा काळ लोटला नव्हता. 1956 ची भाषावार पुनर्रचना व्हायची होती, आणि आमच्या भागात मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू अशी चारही भाषांची मुले एका वर्गात बसत. गुरुजी मुलांना सहलीस कल्याणला घेऊन गेले. किल्ला पाहून झाल्यावर त्यांनी दोघा शरणांच्या मुलांच्या विवाहाची हकीकत सांगितली, आणि दुपारी शिदोऱ्या सोडायची वेळ आली तेव्हा सर्व मुलांच्या भाकरी एका पंचावर एकत्र करून सर्वांना वाटल्या. तेवढेच. परत आल्यावर कोणी त्यांना एका शब्दाने विचारले नाही. उलट कथा चांगली सांगता, म्हणून वाखाणले. पुढच्या महिन्यात सहलीच्या वर्गणीचा हिशेब मागण्यात आला. हिशेब पैशापैशाने जुळला. वर्ष संपताच, जागा उरली नाही, असे त्यांना कळविण्यात आले. त्या संस्थेचे नाव घेण्याचे आज प्रयोजन नाही. गुरुजींनीही ते कधी घेतले नाही. बसवपुराणातील मोजदादीचा भाग शिकविताना मात्र ते किंचित हसत. त्याचे कारण आम्हांला त्यांच्या पश्चात, त्यांच्या पत्नीकडून कळले.

शेवटी एका वकिलाची आठवण करून आपली रजा घेतो. कल्याण मोडल्यावर शरणांनी ताडपत्रांच्या पोथ्या बरोबर नेल्या, आणि त्या घराघरांतून, मठामठांतून राहिल्या. कापडात बांधलेल्या, देवघरात ठेवलेल्या. सणावारी त्यांना हळदकुंकू वाहिले जाई. त्यांत काय लिहिले आहे, हे वाचण्याची चाल उरली नव्हती. विजापूरला वकिली करणारे फ. गु. हळकट्टी गावोगाव हिंडले, पोथ्या मागून आणू लागले, सोडवून नकलू लागले. 1923 मध्ये त्यांनी 'वचनशास्त्रसार' प्रसिद्ध केले. स्वतःचा छापखाना घातला, 1926 पासून 'शिवानुभव' हे नियतकालिक चालविले, आणि त्या खर्चापायी राहते घर विकले. ते कामाला लागले तेव्हा मोजक्याच वचनकारांची नावे लोकांना ठाऊक होती. त्यांच्या हयातीत ती संख्या दोनशेच्या वर गेली. परीट, नावाडी, दोर वळणारा, तांदूळ वेचणारी, सारे एकेक करून पोथ्यांच्या कापडांतून बाहेर आले. 1964 मध्ये हळकट्टी वारले, तेव्हाही पुष्कळ घरांत पोथ्यांच्या गाठी सुटायच्या राहिल्या होत्या.